हप्ता झेपत नाही, आता काय? ॲपचं कर्ज, गटाचा हप्ता आणि सावकाराचं देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटांचे हिशेब लिहिते. वह्या लिहिताना बाया शेजारी येऊन बसतात आणि हळूच फोन पुढे करतात: "ताई, हे बघा ना काय आलंय." खालचे प्रश्न असेच आलेले आहेत. बहुतेक सगळे ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. तेव्हा वावरात पीक उभं असतं, घरात पैसा नसतो आणि मोबाइलवर हप्त्याचा मेसेज असतो.

हप्त्याची तारीख परवावर आली आणि हातात पैसा नाही. आज रात्री काय करू?

आज रात्री कोणाकडून उसने मागू नका आणि कोणतंही नवीन ॲप उघडू नका. पोराच्या वहीचं एक पान घ्या आणि घरातली सगळी देणी त्यावर लिहा. कोणाचं, हातात किती आले, आतापर्यंत किती भरले, पुढची तारीख कोणती. नवऱ्याने घेतलेलं, सासूच्या नावावरचं, कृषी केंद्राची उधारी, मोबाइलच्या फायनान्सचं, सगळं. लपवलेलं एखादं कर्ज असेल तर तेही आजच येऊ द्या. ते नंतर निघालं की हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

एका घराचं उदाहरण सांगते. बाईची निंदणाची मजुरी आठवड्याला १,२५०, माणसाची १,६००. महिन्याला साधारण ११,४०० रुपये. मायक्रोफायनान्सचे (बायांच्या गटाला विनातारण मिळणाऱ्या छोट्या कर्जाचे) दोन हप्ते २,४५० आणि १,९८०, मोबाइलचा १,६५०. हे झाले ६,०८०. त्यावर १५ तारखेला ॲपचे ६,००० एकरकमी. म्हणजे त्या महिन्यात १२,०८० द्यायचे होते, कमाईपेक्षाही जास्त. किराणा, वीज-गॅस, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि पोरीचा बसचा पास मिळून ७,००० लागायचे. हातात उरणार ४,४००.

ते पान लिहून होईपर्यंत ती बाई म्हणत होती, "काटकसर केली तर जमेल." पान लिहून झाल्यावर तसं म्हणाली नाही. ४,४०० मधून १२,०८० काटकसरीने निघत नाहीत. तुमच्या पानावरही असाच आकडा निघाला, तर तुमच्या घरखर्चात चूक शोधत बसू नका. तारखा आणि रकमा बदलून मागणं एवढंच आता करायचं आहे आणि ते तारखेच्या आधी करायचं. थकल्यावर मागितलेल्या मुदतीपेक्षा थकायच्या आधी मागितलेली मुदत सोपी मिळते.

"पेडे लोन" म्हणतात ते हेच का?

पगाराच्या तारखेपर्यंत भागवायला घेतलेलं छोटं, महागडं कर्ज म्हणजे पेडे लोन. आपल्याकडे ते ॲपवरून येतं. ७, १५, ३० दिवसांची मुदत आणि मग सगळी रक्कम एकदम. अडचण अशी, की आपल्या घराला पगाराची तारीखच नाही. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे सवंगून होतं, कापसाचा पैसा दिवाळीपासून थोडा थोडा येतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. जून-जुलैत घेतलेलं पंधरा दिवसांचं कर्ज पंधरा दिवसांनी फिटणार कशातून? हा प्रश्न ॲप विचारत नाही. आपणही घाईत तो स्वतःला विचारत नाही.

ज्या ॲपवरून पैसे घेतले ते खरं की खोटं, कसं ओळखू?

खऱ्या ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली बँक किंवा फायनान्स कंपनी असते आणि तिचं नाव ॲपवर लिहिलेलं असतं. कर्ज देण्याआधी एक तक्ता द्यावा लागतो. त्यात वर्षाचा खरा दर, सगळे शुल्क, हप्ते आणि तक्रार कोणाकडे करायची ते असतं. पैसे थेट तुमच्या खात्यात येतात आणि परतफेड थेट त्या कंपनीच्या खात्यात जाते. तुमच्या फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी बघायची परवानगी कोणत्याही कर्जाच्या ॲपला नाही. हे नियम सप्टेंबर २०२२ पासूनचे आहेत आणि २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा काढले. जुलै २०२५ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ई-सेवा केंद्रात जाऊन ॲपचं नाव त्यात शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

कर्ज घेतल्यावर मन बदललं तर परत करायलाही थोडी मुदत असते. ती किमान एक दिवसाची असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून मोकळं होता येतं. दंड लागत नाही, फार तर सुरुवातीलाच सांगितलेलं प्रक्रिया शुल्क कापतात.

मी हे सगळं शिकले ते स्वतःवर आल्यावर. २०२१ च्या उन्हाळ्यात सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. एका ॲपवर ५,००० मागितले, हातात ३,२०० आले आणि सातव्या दिवशी ५,००० परत मागितले. नव्हते. तर म्हणाले, १,८०० भरा, सात दिवस वाढवून देतो. असं मी चार वेळा भरलं. ७,२०० रुपये गेले आणि ५,००० चं देणं तसंच. त्या दिवसांत मी फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीच्या आत खुपसून ठेवायचे, म्हणजे त्याची थरथर ऐकू येऊ नये. नंतर एकदा गटाच्या वहीच्या मागच्या पानावर व्याज काढलं: ३,२०० वर सात दिवसांचे १,८००. वर्षाचा दर २,९०० टक्क्यांच्या वर जातो. हा आकडा मला पहिल्या दिवशी कोणी दाखवला असता तर मी अंगठा टेकवला नसता. म्हणून तो तक्ता मागा. नाही दिला, तर ते ॲप खोटं समजा.

हप्ता थकला तर पोलीस नेतील का?

नाही. पैसे नसल्यामुळे कर्ज थकणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी व्यवहार आहे. कंपनी नोटीस पाठवू शकते, दिवाणी दावा लावू शकते, लोकअदालतीत बोलावू शकते. "उद्या अटक वॉरंट निघेल", "पोलीस गाडी निघाली" असे मेसेज घाबरवायला असतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या शिक्क्याच्या कागदाला घाबरू नका.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. तुम्ही चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर कलम १३८ खाली फौजदारी केस होऊ शकते. आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरायची संधी असते. खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यालाही, खात्यात पैसे नसल्याने तो परत गेला तर, तसाच कायदा लागू होतो. अशी वकिलाची किंवा कोर्टाची कागदी नोटीस पोस्टाने आली तर ती घ्या. परत पाठवू नका. घेतली नाही तरी ती मिळाली असंच कोर्ट बहुतेक वेळा धरतं.

कोरा चेक सही करून दिलाय? तो परत मागणारं पत्र आजच द्या आणि पोच घ्या.

चार जणांचं देणं आहे. आधी कोणाचं भरू?

आधी पोट, औषध, वीज आणि पुढच्या पिकाचं बियाणं-खत. हे मी ठामपणे सांगते, कारण वसुलीवाला याच्या उलट सांगेल. बियाण्याचे पैसे हप्त्यात गेले तर पुढच्या वर्षी हप्ता कशातून निघेल?

त्यानंतर ज्याच्याकडे तारण आहे ते: सोनं, ट्रॅक्टर, घर. मग पीक कर्ज. ते ३१ मार्चच्या आत नवं-जुनं केलं तर ३ लाखांपर्यंत व्याज सवलतीने शून्यावर येतं. एवढं स्वस्त कर्ज थकवून महागडं ॲप भरणं म्हणजे दुभती गाय विकून गोठा दुरुस्त करणं. मग गटाचं, कारण तिथे शेजारणी अडकतात. विनातारण ॲप शेवटी. बेकायदेशीर ॲपच्या धमक्या सगळ्यात मोठ्या आवाजात असतात, म्हणून बाया त्यालाच आधी भरतात. आवाजावरून क्रम ठरवू नका.

मुदत वाढवून मागताना काय बोलू, काय लिहू?

फोनवर बोललेलं हवेत जातं. बोला जरूर, पण त्याच दिवशी लिहूनही द्या. शाखेत द्यायचं असेल तर दोन प्रती काढून एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. ॲपवाल्या कंपनीला तक्त्यात दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवा. मी लिहून देते तो मजकूर असा:

"माझा कर्ज क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी इतके रुपये घेतले, आजवर इतके हप्ते वेळेवर भरले. सोयाबीन निघेपर्यंत घरात मजुरीशिवाय उत्पन्न नाही. घरखर्च वजा जाता मी दरमहा इतके रुपयेच भरू शकते, आणि ते १० तारखेला भरीन. १५ नोव्हेंबरपासून पूर्ण हप्ता सुरू करीन. या काळातला दंड माफ करावा आणि नवीन वेळापत्रक लेखी द्यावे. संपर्क दिवसा, याच नंबरवर करावा, नातेवाइकांना करू नये."

सोबत त्या पानावरचा हिशेब जोडा. रक्कम अशी लिहा जी पाऊस लांबला तरी भरता येईल. ८०० झेपत असतील तर ८०० लिहा. तोंडावर २,००० म्हणून पुढच्या महिन्यात चुकलं की पत्राला किंमत राहत नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी कबूल केलेली रक्कम त्याच तारखेला भरत राहा. त्या पावत्या उद्या लोकअदालतीत तुमच्या बाजूने बोलतील.

एक ओळखा. हप्ता लांबवून देणं वेगळं आणि "टॉप-अप" देणं वेगळं. टॉप-अप म्हणजे नवीन कर्ज. जुनं त्यातून कापून घेतात, चार पैसे हातावर ठेवतात, शुल्क आणि विमा पुन्हा लावतात. साहेब गोड बोलून "तुमचं ॲडजस्ट करून दिलं" म्हणतात तेव्हा हेच झालेलं असतं. सहीआधी विचारा: मुद्दल वाढलं का? वाढलं असेल तर सही नको.

दंडाचंही सांगते. २०२४ पासून थकलेल्या रकमेवर दंड लावता येतो, पण तो मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवता येत नाही. मायक्रोफायनान्समध्ये दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर लागतो, सगळ्या कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर तिथे दंड नाहीच.

जुना हप्ता फेडायला दुसऱ्या ॲपवरून घेऊ का?

नको. वर सांगितलेले माझे ७,२०० आठवा.

खात्यात लाडकी बहिणीचे १,५०० आले, की हप्त्यात कापले जातात. थांबवता येतं का?

येतं. तुम्ही कर्ज घेताना खात्यातून आपोआप कापण्याची मंजुरी दिलेली असते. ती यूपीआयवरची असेल तर तुमच्याच यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" मध्ये जाऊन ती थांबवता किंवा रद्द करता येते. बँकेतून दिलेली असेल तर शाखेत अर्ज करून रद्द करता येते. पण आधी कंपनीला वरचं पत्र द्या, मग मंजुरी थांबवा. न सांगता बंद करून गप्प बसलात तर पळ काढला असं दिसतं. देणं त्याने संपत नाही, फक्त कधी आणि किती भरायचं ते तुमच्या हातात येतं.

शिवाय मंजुरी चालू ठेवून खातं रिकामं राहिलं, तर प्रत्येक वेळी परत गेल्याचा आकार बँक लावते आणि कंपनीही लावते. एका पासबुकात मी एकाच महिन्यात अशा तीन नोंदी पाहिल्या. त्या बाईला वाटत होतं, सरकारने पैसे परत घेतले.

दुसरा उपाय: पीएम किसान, नमो शेतकरी, लाडकी बहीण हे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. पोस्टाच्या बँकेत खातं उघडून आधार तिथे जोडता येतं. मग ते पैसे पोरांच्या वह्या-पुस्तकांना आणि औषधाला राहतात. मात्र हप्त्याच्या जुन्या खात्यात कबूल केलेला छोटा हप्ता टाकत राहा.

वसुलीवाले सकाळी सहाला येऊन ओसरीवर बसतात. रात्री दहालाही फोन. हे चालतं का?

चालत नाही. मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही. इतर कर्जांसाठी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही मर्यादा आहे. मायक्रोफायनान्सचे पैसे ठरलेल्या जागी घ्यायचे असतात. लागोपाठ दोन वेळा तुम्ही तिथे गेला नाहीत तरच त्यांना घरी किंवा कामावर येता येतं. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, सासर-माहेरच्या लोकांना फोन, सारखे सारखे कॉल, यातलं काहीच करता येत नाही. वसुलीवाला बाहेरच्या एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी कंपनीची.

दारात आला तर ओळखपत्र मागा. त्याचं नाव, वेळ, बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. शेजारच्या काकूंना बोलवून उभं करा. घरातली वस्तू उचलू लागला तर ११२ ला फोन करा. कोर्टाच्या हुकुमाशिवाय शिलाई मशीन, बकरी, भांडी नेता येत नाहीत. पैसे दिले तर पावती घेतल्याशिवाय सोडू नका आणि त्याच्या स्वतःच्या फोनपेवर तर टाकूच नका. ते कर्जखात्यात जमा झाले नाहीत तर तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे, लेखी. कर्जकार्डावर नंबर छापलेला असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. टोल फ्री १४४४८ वर मदत मिळते. तक्रार ऑनलाइन करता येते, पोस्टानेही पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही.

आमच्या जॉइंट गटात एकीने भरलं नाही, तर साहेब सगळ्यांना उठू देत नाहीत. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो, कारण इथे कंपनीच्या वाटणीचं भांडण आपसात लागतं. पाच जणींनी एकमेकींची हमी घेतलेली असते, म्हणून एकीचा हप्ता बाकीच्या घालतात. आणि मग त्या बाईशी विहिरीवरही कोणी बोलत नाही.

बायांना बसवून ठेवणं, पोरगं घरी रडत असताना उठू न देणं हे वसुलीच्या नियमात बसत नाही. उठा आणि चालू लागा. हमीचा कागद मात्र वाचा, त्यात काय लिहिलंय ते साहेबांच्या तोंडून नको, कागदावरून कळू द्या. मग पाच जणींनी मिळून एकच अर्ज द्या, की अमक्या सदस्याचं वेळापत्रक बदलून द्यावं. एकटीच्या अर्जापेक्षा गटाच्या अर्जाकडे शाखा लवकर बघते.

आणखी एक बघा. मायक्रोफायनान्सचं कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला, विनातारण मिळतं, आणि घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वरच्या उदाहरणातल्या घराचं निम्मं म्हणजे ५,७००, आणि हप्ते ६,०८०, तेही ॲपचं न धरता. कर्ज देताना हे बघायचं काम कंपनीचं होतं. अर्जावर तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते मागून बघा. तुम्ही न सांगितलेला फुगवलेला आकडा असेल तर तक्रारीत पहिलं वाक्य तेच लिहा.

ॲपवाले माझा फोटो बिघडवून सगळ्यांना पाठवायची धमकी देतात.

पैसे भरू नका. एकदा भरले की पुन्हा मागतात. ही खंडणी आहे, वसुली नाही. धमकीचे मेसेज, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढा आणि ते होईपर्यंत ॲप काढून टाकू नका. मग लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरला फोन करा आणि ठाण्यात तक्रार द्या. महिला पोलीस कर्मचारी मागता येते.

आणि धमकी खरी व्हायच्या आधी तुम्हीच सांगा. घरात, भावाला, गटात. "माझ्या नावाने घाण फोटो येतील, ते खोटे आहेत, उघडू नका, मला पाठवून द्या." माझ्या वेळी मी हे एका रात्रीत पंचवीस जणांना कळवलं. हात थरथरत होते. पोरीच्या शाळेतल्या बाईंना कळवताना सगळ्यात जास्त. त्यांनी उत्तर दिलं, "काळजी नका करू, मी नंबर ब्लॉक केलाय." त्यानंतर त्या लोकांकडे मला दाखवायला भीतीच उरली नाही.

सावकाराने शेकडा पाच लावलेत आणि वावर लिहून घेतलंय. ते गेलं का?

गेलं असं धरून बसू नका. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. त्याखाली ठरवलेला दर शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. वर्षाला, महिन्याला नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आपल्या आज्या ज्याला दामदुपट म्हणायच्या तेच. परवाना नसताना सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पेरणीला दिलं, सुगीला सवाई-दिढीने घेतलं, हीसुद्धा सावकारीच.

वावराचं बहुतेक असं होतं: पैसे देताना खरेदीखतच करून घेतात आणि तोंडी सांगतात, "फिटले की परत फिरवून देऊ." कागदावर विक्री, मनात गहाण. कायद्याने जिल्हा उपनिबंधकांना अशा व्यवहाराची चौकशी करता येते. अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांतला व्यवहार सावकारीतून झाला असं दिसलं, तर जमीन मूळ मालकाला परत करण्याचा हुकूम देता येतो. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात अर्ज द्या. पुरावा काय? खरेदीखतातली किंमत बाजारभावापेक्षा फार कमी असणं, विक्रीनंतरही वावर तुम्हीच वाहत असणं, व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, साक्षीला असलेला माणूस. चिठोरे फेकू नका.

नोंदणीकृत बँका आणि फायनान्स कंपन्यांना हा सावकारी कायदा लागू नाही. तिथे दामदुपट सांगून चालत नाही, रिझर्व्ह बँकेचे नियमच सांगावे लागतात.

हे कर्जमाफीत बसेल का?

२०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी बँका आणि सोसायट्यांच्या शेतीकर्जाची होती. ॲप, मोबाइल फायनान्स, मायक्रोफायनान्स त्यात नव्हतं. दुष्काळ जाहीर झाल्यावर वसुली थांबते तीही शेतीकर्जाची. त्यामुळे माफी येईल म्हणून ॲपचं देणं लांबवू नका. "अमुक फी भरा, कर्जमाफीचं प्रमाणपत्र देतो" म्हणणारे लोक गावोगाव फिरतात. अशा मोहिमांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिलाय. आगाऊ फी मागितली की दार लावा.

सिबिल बिघडलं तर पीक कर्ज मिळणार नाही का?

सिबिल म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद. थकलेलं तिथे नोंदलं जातं आणि बँक ते बघते, हे खरं आहे. ९० दिवस थकलं की खातं बुडीतच्या यादीत जातं, म्हणून त्याच्या आत थोडं तरी भरा आणि पत्र द्या. "सेटलमेंट" म्हणजे कमी पैशात तडजोड. हातात एकरकमी पैसे असतील आणि दुसरा मार्ग नसेल तर करा, पण कर्ज "सेटल" झालं अशी नोंद कित्येक वर्षं राहते. पूर्ण फेडल्यासारखी ती धरत नाहीत. तडजोडीची रक्कम लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. कोर्टात न जाता निकाल हवा असेल तर लोकअदालत चांगली: फी नाही, आणि तिथला निवाडा शेवटचा. तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा, किंवा १५१०० ला. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असो, सरकारी वकील फुकट मिळतो.

मग स्वस्त पैसा मिळतो कुठे?

दवाखान्यासाठी असेल तर कर्जाआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घरामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. यवतमाळ, अकोला, नागपूरच्या मेडिकलमध्ये त्याची खिडकी आहे. मला २०२१ मध्ये हे ठाऊक नव्हतं. बाकी गरजेला आपलाच गट. उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांना बँकेचं कर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं आणि ग्रामसंघाकडे अडीअडचणीचा निधी असतो. गटात हात पसरायला लाज वाटते, म्हणून बाया ॲपकडे जातात. हे मी रोज बघते.

कर्ज घेणारा माणूसच गेला. आता आम्ही भरायचं?

आधी कर्जकार्ड काढा. मायक्रोफायनान्सच्या कर्जासोबत बहुतेक वेळा विमा असतो, कधी नवरा-बायको दोघांचा. मृत्यूचा दाखला देऊन दावा लावा आणि तो लागेपर्यंत हप्ता मागू नका म्हणून कंपनीला लेखी कळवा. विमा नसेल तर वारसांवर येतं ते त्या माणसाच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच. स्वतःच्या कमाईतून भरायची सक्ती नाही, तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल तर.

घरधनी बोलेनासे झालेत. रात्री उठून वावराकडे जातात.

ताई, हे वाचायचं थांबवा आणि आत्ता त्यांच्याजवळ जा. एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा, शेजारी ठेवायला द्या. "तुम्हाला मरावंसं वाटतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट माणूस बोलता होतो. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, दिवसरात्र, फुकट आणि मराठीत. तुम्हीही त्यावर बोलू शकता. औषध पोटात गेलं असेल तर १०८.

कर्जाचं पान मग सकाळी, दोघांनी मिळून. आकडा पुरुषाच्या एकट्याच्या डोक्यात असतो तेव्हा तो फार मोठा होतो. किती घरांत मी पाहिलंय, बायकोला कळल्यावर ती पहिल्यांदा म्हणते, "एवढंच ना?"

सगळं फिटलं. आता कोणता कागद घ्यायचा?

कर्ज बंद झाल्याचं, काही देणं नसल्याचं पत्र. दिलेले चेक परत. आपोआप कापायची मंजुरी रद्द झाल्याची खात्री. महिनाभराने सिबिलचा अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, सिबिलकडून तसाच क्रिफ हायमार्क, इक्विफॅक्स आणि एक्स्पीरियनकडूनही. तिथे कर्ज अजून चालू दिसत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्त केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.

पत्राची झेरॉक्स नको, मूळ प्रत सांभाळा. आमच्या घरी ती राशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, सात-बाराच्या मागे.